छोट्या लॅपटॉपचा रिकव्हरी पेनड्राइव्ह बनत नाही? या क्रमाने तपासा

ही पोस्ट ११ ते १४ इंची, २ किंवा ४ जीबी रॅमच्या, ३२ किंवा ६४ जीबी ईएमएमसी साठवण असलेल्या विंडोज लॅपटॉपसाठी आहे. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी घेतलेले असे लॅपटॉप ठाण्यात घरोघरी अजून आहेत. फिरत फिरत ते माझ्या टेबलावर येतात: शेजारच्या विंगमधून, कळव्याहून, कधी ट्रान्स-हार्बरने ऐरोलीहून. विंडोज धड चालतंय तोवर रिकव्हरी पेनड्राइव्ह, म्हणजे बिघडलेलं विंडोज ज्यावरून दुरुस्त करता किंवा परत बसवता येतं तो, करून ठेवावा हे सगळ्यांना पटतं, पण करायला बसलं की तो होत नाही. प्रत्येकाला वाटतं आपली अडचण काही वेगळीच आहे. कारणं मात्र ठरलेली आहेत, आणि त्यातली बरीचशी लॅपटॉपमध्ये नसतात, पेनड्राइव्हमध्ये असतात.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते आधी बघा. पुढचं काय वाचायचं आणि काय सोडायचं ते त्यावर ठरेल.

- पेनड्राइव्ह फाइल एक्सप्लोररमध्ये दिसतो, पण विंडोजमधल्या 'रिकव्हरी ड्राइव्ह' या टूलच्या खिडकीत यादी रिकामी राहते आणि 'नेक्स्ट'चं बटण दाबलंच जात नाही.
- काम सुरू होतं, तास-दीड तास पट्टी सरकते आणि शेवटी 'रिकव्हरी ड्राइव्ह तयार करता आला नाही, तयार करताना अडचण आली' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. अडचण कुठली, ते त्यात नसतं.
- काम सुरू होण्याआधीच 'काही आवश्यक फाइल्स सापडत नाहीत, विंडोजची इन्स्टॉलेशन डिस्क वापरा' असं सांगून टूल बंद होतं.
- पट्टी एका जागी थांबते आणि रात्र गेली तरी हलत नाही.
- पेनड्राइव्ह तयार झाल्याचं टूल सांगतं, पण त्यावरून लॅपटॉप सुरूच होत नाही. यातलं सगळ्यात घातक हेच, कारण ते कळतं तेव्हा विंडोज आधीच बंद पडलेलं असतं.

तपासायला लागण्याआधी एक ध्यानात घ्या: हे टूल पेनड्राइव्हवरचं सगळं पुसतं. फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, आयटी रिटर्नच्या पीडीएफ, जे काही असेल ते आधी दुसरीकडे हलवा.

चार्जर, झोप आणि कोणाचं अकाउंट

यात एक पैसाही खर्च नाही, म्हणून इथून सुरुवात. ईएमएमसी ही लॅपटॉपच्या मदरबोर्डवर डकवलेली साठवण, एसएसडीपेक्षा बरीच संथ. त्यात स्वस्त पेनड्राइव्हचा लिहिण्याचा वेगही कमी. म्हणून मोठ्या लॅपटॉपवर अर्ध्या-पाऊण तासात होणारं काम इथे दोन-तीन तास चालू शकतं. तेवढ्यात लॅपटॉप झोपला की लिहिणं मध्येच तुटतं. सेटिंग्जमध्ये पॉवरच्या पानावर चार्जर लावलेला असताना 'स्लीप' कधीच नको असं ठेवा आणि झाकण उघडं राहू द्या. स्क्रीन काळी झाली तर हरकत नाही.

चार्जर लावायचाच. जुन्या बॅटरीवर चाळीस टक्के दिसतात आणि दहा मिनिटांत लॅपटॉप बंद पडतो, हे या वर्गातल्या यंत्रांचं नेहमीचं आहे. पावसाळ्यात वीज लुकलुकत असेल त्या दिवशी हे काम काढू नका. बॅटरी धड असेल तर ती एवढा धक्का सोसते, नसेल तर सोसत नाही.

दुसरं, लॅपटॉपवर मुलाचं साधं अकाउंट असेल तर टूल अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं. तो बहुतेक आईच्या किंवा बाबांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा असतो आणि कोणाला आठवत नसतो. तो आधी शोधून ठेवा, पुढेही लागणार आहे.

पेनड्राइव्ह किती जीबीचा

सिस्टिम फाइल्ससह रिकव्हरी ड्राइव्ह करायचा तर विंडोज किमान १६ जीबी मागतं. आता १६ जीबी छापलेल्या पेनड्राइव्हवर विंडोजला १४.९ जीबीच्या आसपासच दिसतात. कंपनी अब्जाच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४च्या पटीत. यात फसवणूक काही नाही, पण काठावरचा पेनड्राइव्ह इथे कमी पडू शकतो. म्हणून सरळ ३२ जीबीचा घ्या.

६४ किंवा १२८ जीबीचाही चालतो, पण टूल त्यावर फॅट३२ पद्धतीचा ३२ जीबीपर्यंतचाच भाग करतं आणि उरलेली जागा तशीच मोकळी पडते. मग लोक म्हणतात, 'अर्धा पेनड्राइव्ह खाल्ला.' खाल्लेला नाही. पुढे कधी डिस्क मॅनेजमेंटमधून पुसून घेतलात तर पूर्ण मिळेल.

पोर्ट आणि हब

हब काढा, टाइप-सीचं कन्व्हर्टर काढा, पेनड्राइव्ह थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये घाला. मग त्याच कामासाठी दुसरं पोर्ट वापरून बघा. छोट्या लॅपटॉपला दोनच पोर्ट असतात आणि दोन्ही सारखी असतीलच असं नाही. एक निळ्या जिभेचं यूएसबी ३चं, दुसरं काळ्या जिभेचं जुन्या वेगाचं, अशी जोडी नेहमी दिसते. निळ्यावर काम मध्येच तुटत असेल तर काळ्यावर करा. वेळ जास्त लागेल, पण जोडणी टिकेल.

यात खरी गोम पोर्टच्या झिजेत असते. माऊसचा रिसीव्हर वर्षानुवर्षं काढून-घालून पोर्ट सैल झालेलं असतं, शिवाय आपल्याकडच्या खाडीकाठच्या दमट हवेत आतल्या पट्ट्या काळपट पडतात. पेनड्राइव्ह हलकेच हलवला आणि 'टिंग' असा तुटल्या-जोडल्याचा आवाज आला, तर ते पोर्ट या कामासाठी बाद. लॅपटॉप पूर्ण बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या पातळ ब्रशने पट्ट्या पुसता येतात. सुई, पिन, टाचणी घालू नका.

टिक काढून एकदा करून बघा

सगळ्या तपासण्यांत ही माझी लाडकी. रिकव्हरी ड्राइव्हच्या पहिल्याच पानावर 'सिस्टिम फाइल्सचा बॅकअप घ्या' अशा अर्थाचा एक चौकोन टिक केलेला असतो. ती टिक काढा आणि पेनड्राइव्ह बनवा. काम थोडक्या वेळात उरकतं.

असा पेनड्राइव्ह झाला तर अर्धं निदान झालं. याचा अर्थ पेनड्राइव्ह ओळखला जातोय, पोर्ट धड आहे, लॅपटॉपमधलं रिकव्हरीचं मूळ वातावरण जागेवर आहे. दोष उरतो तो चालू विंडोजची मोठी नक्कल काढताना आणि पेनड्राइव्हवर लिहिताना: म्हणजे सी ड्राइव्हची जागा, शॅडो कॉपीची सेवा, खराब सिस्टिम फाइल्स, किंवा पेनड्राइव्ह पुढे जाऊन फसवणारा. टिक काढूनही झाला नाही तर सी ड्राइव्ह साफ करण्यात दुपार घालवू नका. पेनड्राइव्हची मांडणी तपासा, नाहीतर पुढे 'आवश्यक फाइल्स सापडत नाहीत' या मथळ्याखालच्या रीएजंटसीच्या भागावर जा.

हा टिकविना बनलेला पेनड्राइव्ह टाकाऊ नाही. त्याने बिघडलेलं बूट दुरुस्त करता येतं, रिस्टोअर पॉइंटवर जाता येतं, कमांड प्रॉम्प्ट उघडता येतो. फक्त त्यावरून विंडोज नव्याने बसवता येत नाही.

पेनड्राइव्ह खरा आहे का

'दादा, पेनड्राइव्ह नवाकोरा आहे हो, पाकीट आजच फोडलं.' नवा असणं आणि खरा असणं या वेगळ्या गोष्टी. स्टेशनबाहेर पथारीवर किंवा ऑनलाइन सेलमध्ये १२८ जीबी म्हणून मिळणाऱ्या काही पेनड्राइव्हच्या आत प्रत्यक्ष आठ किंवा सोळा जीबीचीच चिप असते. आतला कंट्रोलर विंडोजला खोटा आकडा सांगतो. खरी जागा संपली की पुढचा डेटा जुन्यावर लिहिला जातो किंवा कुठेच जात नाही. चार गाणी टाकून हे कळत नाही. रिकव्हरी ड्राइव्हसारखं मोठं लिखाण आलं की शेवटाकडे अपयश येतं, किंवा त्याहून वाईट, टूल 'झालं' म्हणतं आणि फाइल्स आतून कुजलेल्या असतात.

तपासायला एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट टूल आहे. ते पेनड्राइव्ह पूर्ण भरतं आणि लिहिलेलं परत वाचून जुळवतं. हे काम घरातल्या दुसऱ्या, बऱ्यापैकी वेगवान कॉम्प्युटरवर करा, छोट्या लॅपटॉपला त्यात गुंतवू नका. लिनक्स वापरणाऱ्यांना हेच काम एफथ्री करून देतं. एकही चूक दाखवली तरी तो पेनड्राइव्ह या कामातून बाद. फॉरमॅट करून तो सुधारत नाही. पुढचा पेनड्राइव्ह बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. गोखले रोड असो की वाशीचं सेक्टर १७, बिल असलं की बदलून मागता येतो. नामवंत कंपनीचा ३२ जीबीचा काही शे रुपयांत मिळतो. या सगळ्या कामातला बहुधा एवढाच खर्च.

यादी रिकामी दिसणाऱ्यांसाठी आणखी एक. पेनड्राइव्ह आधी लिनक्सचा इन्स्टॉलर, टीव्हीवरचं रेकॉर्डिंग किंवा गाडीतला स्टिरिओ यासाठी वापरलेला असेल, तर त्यावर दोन-तीन तुकडे आणि अनोळखी मांडणी राहून जाते. स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, पेनड्राइव्हच्या आकारावरून त्याची ओळ ओळखा, त्यावरचे सगळे भाग डिलीट करून एकच नवा भाग फॅट३२मध्ये बनवा. ३२ जीबीचा लॅपटॉप आणि ३२ जीबीचा पेनड्राइव्ह असेल तर दोन्ही ओळी साधारण एकाच आकाराच्या दिसतात. तेव्हा पेनड्राइव्ह काढा, कुठली ओळ गेली ते बघा, परत लावा. डिस्कपार्टची 'क्लीन' आज्ञा अनेक ठिकाणी सुचवलेली दिसते. ती काहीच विचारत नाही, चुकीच्या डिस्कवर चालली तर तिच्यावरचं सगळं पुसते. आकारांचा असा गोंधळ असताना ती वापरूच नये असं माझं मत.

अँटिव्हायरस आणि ऑफिसचा लॅपटॉप

विंडोज सिक्युरिटीमधलं 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' चालू असेल तर काम होईपर्यंत बंद करा. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असेल तर त्याचं यूएसबी संरक्षण तेवढ्यापुरतं थांबवा आणि नंतर आठवणीने चालू करा.

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर इथेच थांबा. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्या यूएसबीवर लिहिणं धोरणाने बंद ठेवतात. रजिस्ट्रीत खटपट करून ते उघडणं म्हणजे एचआरचा मेल ओढवून घेणं. आयटीवाल्यांना सांगा, त्यांच्याकडे त्यांची इमेज असतेच.

सी ड्राइव्हवर श्वास घ्यायला जागा

टूल चालू विंडोजची नक्कल काढतं तेव्हा फाइल्स उघड्याच असतात. म्हणून व्हॉल्यूम शॅडो कॉपी नावाची सेवा त्या क्षणाचं चित्र धरून ठेवते, आणि त्याला सी ड्राइव्हवर मोकळी जागा लागते. ३२ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज आणि ऑफिस बसल्यावर ६०० एमबी उरलेले मी कायम बघतो. तिथे हे होणार नाही. चार-पाच जीबी मोकळे करा. डाउनलोड फोल्डर, व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ, रिसायकल बिन, आणि डिस्क क्लीनअपमध्ये 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबल्यावर दिसणारं जुनं विंडोज आणि अपडेटची साफसफाई. वनड्राइव्ह वापरत असाल तर त्याच्या फोल्डरवर उजवं क्लिक करून 'फ्री अप स्पेस' दाबा. फाइल्स क्लाउडवर राहतात, लॅपटॉपवरची जागा सुटते.

जागा करायची म्हणून रिकव्हरीचं पार्टिशन उडवू नका. यूट्यूबवर हा सल्ला सर्रास मिळतो. २०१४च्या विंडोज ८.१ अपडेटपासून काही छोट्या यंत्रांवर विमबूट नावाची व्यवस्था होती. तिच्यात सी ड्राइव्हवरच्या कित्येक सिस्टिम फाइल्स म्हणजे नुसते निर्देश असतात, खरा मजकूर त्या पार्टिशनमधल्या इमेजमध्ये असतो. अशा यंत्रावर ते पार्टिशन गेलं की विंडोजही गेलं.

सर्व्हिसेसच्या खिडकीत 'व्हॉल्यूम शॅडो कॉपी' आणि 'मायक्रोसॉफ्ट सॉफ्टवेअर शॅडो कॉपी प्रोव्हायडर' या दोन ओळी बघा. 'मॅन्युअल' असेल तर ठीक. 'डिसेबल्ड' असेल तर 'मॅन्युअल' करा. लॅपटॉप वेगवान करून देतो म्हणणारी 'ट्यूनअप' सॉफ्टवेअरं या सेवा बंद करून जातात.

'आवश्यक फाइल्स सापडत नाहीत': रीएजंटसी

इथून पुढे कमांड प्रॉम्प्ट लागतो, आणि तो 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करूनच उघडायचा. आज्ञा मी देवनागरीत सांगतोय, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करा. लॅपटॉप विंडोजच्या 'एस मोड'मध्ये असेल तर कमांड प्रॉम्प्ट चालणार नाही. एस मोडमधून बाहेर पडणं फुकट आहे, पण परत आत जाता येत नाही, त्यामुळे केवळ या एका कामासाठी घाई नको.

पहिली आज्ञा: आर-ई-ए-जी-ई-एन-टी-सी, एक जागा, पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून आय-एन-एफ-ओ. उत्तरात विंडोज आरईची स्थिती 'एनेबल्ड' की 'डिसेबल्ड' ते दिसतं. विंडोज आरई म्हणजे विंडोज बिघडल्यावर जे निळं मदतीचं पान उघडतं तो छोटा संच. रिकव्हरी ड्राइव्ह याच्याच पायावर उभा राहतो. पायाच बंद असेल तर टूल फाइल्स सापडत नाहीत म्हणणारच.

'डिसेबल्ड' असेल तर तीच आज्ञा, फक्त तिरक्या रेघेपुढे ई-एन-ए-बी-एल-ई. यशस्वी झाली तर लॅपटॉप रीस्टार्ट करून रिकव्हरी ड्राइव्ह पुन्हा बनवा. बहुतेकांचं काम इथे होतं.

पण 'विंडोज आरईची इमेज सापडली नाही' असं उत्तर आलं, तर ती फाइलच गेलेली आहे. ती इन्स्टॉलेशनच्या इमेजमधून काढून परत बसवता येते. मी मात्र त्या वाटेला जायला सांगत नाही. त्यासाठी जो इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह लागतो, तो हातात आल्यावर रिकव्हरी ड्राइव्हची गरजच फारशी उरत नाही.

विंडोज आरई चालू आहे, जागाही आहे आणि तरी अपयश येतंय? मग एस-एफ-सी, जागा, तिरकी रेघ, एस-सी-ए-एन-एन-ओ-डब्ल्यू ही आज्ञा चालवा. ती बिघडलेल्या सिस्टिम फाइल्स शोधून बदलते. काही दुरुस्त करता आल्या नाहीत असं म्हणाली तर डीआयएसएमची रिस्टोअरहेल्थ आज्ञा चालवा: डी-आय-एस-एम, आणि पुढे प्रत्येकी एक जागा व तिरकी रेघ देऊन 'ऑनलाइन', 'क्लीनअप-इमेज' आणि 'रिस्टोअरहेल्थ'. तिला इंटरनेट लागतं, कारण चांगल्या प्रती ती विंडोज अपडेटकडून आणते. मग पुन्हा एसएफसी. दोन्ही नीट पार पडल्यावर रिकव्हरी ड्राइव्हचा आणखी एक प्रयत्न करा. तोही फसला तर हे टूल सोडून द्या.

सोडून द्यायचं म्हणजे काय करायचं

रिकव्हरी ड्राइव्ह हवाच, असा हट्ट कशासाठी? विंडोज बंद पडलं तर परत उभं करता यावं, एवढंच ना. ते काम इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हही करतो, आणि तो दुसऱ्या कुठल्याही चालू विंडोज कॉम्प्युटरवर मीडिया क्रिएशन टूलने बनतो. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. लायसन्सची चिंता नको. विंडोज १० किंवा ११ घालूनच विकत घेतलेल्या लॅपटॉपची लायसन्स की बहुधा त्याच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डवरच्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये) असते, इन्स्टॉलर ती वाचून योग्य आवृत्ती बसवतो. आपल्याकडच्या स्वस्त लॅपटॉपवर ती बहुधा 'होम सिंगल लँग्वेज' असते.

३२ जीबीच्या लॅपटॉपसाठी विंडोज १०चाच पेनड्राइव्ह बनवा, कारण विंडोज ११ किमान ६४ जीबी साठवण आणि ४ जीबी रॅम मागतं. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे अशा लॅपटॉपवर बँकेची कामं करणं मी टाळेन. अभ्यासाला, टायपिंगला तो चालेल.

बनवण्याआधी त्या लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट' पानावर 'सिस्टिम टाइप' वाचा. '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर' असं लिहिलेलं असेल तर सावध. जुन्या अ‍ॅटम प्रोसेसरच्या काही यंत्रांत प्रोसेसर ६४-बिटचा, पण फर्मवेअर ३२-बिटचं असतं. त्यांना ६४-बिटचा पेनड्राइव्ह दिसतच नाही, आणि माणूस दहा पेनड्राइव्ह बदलत बसतो. विंडोज १०च्या टूलमध्ये ३२-बिट किंवा 'दोन्ही' निवडता येतं.

आता या वाटेची एक उणीव, जी लोक विसरतात. रिकव्हरी ड्राइव्हमध्ये तुमच्या लॅपटॉपचे ड्रायव्हर येतात, कोऱ्या इन्स्टॉलेशनमध्ये येतीलच असं नाही. छोट्या लॅपटॉपवर नेमकं वायफाय आणि टचपॅड हेच अडतात, आणि लॅनचं पोर्ट नसतं. विंडोज बसतं, पण ड्रायव्हर आणायला नेट नाही. म्हणून विंडोज चालू आहे तोवर ड्रायव्हर काढून ठेवा. वेगळ्या पेनड्राइव्हवर 'ड्रायव्हर्स' नावाचं फोल्डर इंग्रजीत करा. मग अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पी-एन-पी-यू-टी-आय-एल, जागा, तिरकी रेघ, तिला चिकटून 'एक्स्पोर्ट' आणि 'ड्रायव्हर' हे शब्द मध्ये आडवी रेघ देऊन, जागा, चांदणीचं चिन्ह, जागा, आणि त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता. पुढे गरज पडली की डिव्हाइस मॅनेजरमधून 'अपडेट ड्रायव्हर' करून हे फोल्डर दाखवायचं. वायफाय नाहीच लागलं तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा, तेवढं नेट पुरतं.

आणि आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलेशनची पूर्ण इमेज, आणून तिच्यातल्या फाइल्स हाताने कॉपी करू नका. फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, आणि पूर्ण आयएसओतली इन्स्टॉल इमेज त्याहून मोठी असू शकते. पेनड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीचा केला तर फाइल मावते, पण कित्येक लॅपटॉपची फर्मवेअरं त्यावरून सुरू होत नाहीत.

बनला, आता त्यावरून सुरू करून बघा

ही पायरी कोणालाच आवडत नाही, पण ती केल्याशिवाय मी पेनड्राइव्ह परत देत नाही.

त्याआधी बिटलॉकर, म्हणजे साठवणीवरच्या डेटाला लागलेलं विंडोजचं कुलूप. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून काढून कागदावर लिहा. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर किंवा बायोसमध्ये सिक्युअर बूट बदलल्यावर लॅपटॉप ती मागू शकतो.

मग पेनड्राइव्ह लावा, स्टार्ट मेन्यूत शिफ्ट दाबून धरा आणि 'रीस्टार्ट' क्लिक करा. निळ्या पानावर 'यूज अ डिव्हाइस' निवडा, त्यात यूएसबी निवडा. यात बूट मेन्यूची की शोधत बसावं लागत नाही. तो पर्याय दिसला नाही तर बंद लॅपटॉप चालू करताना की दाबा: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप. एसरवर एफ१२, पण बऱ्याच मॉडेलांत तो आधी बायोसमध्ये चालू करावा लागतो. मायक्रो एसडी कार्डावर रिकव्हरी करणाऱ्यांनी कार्ड यूएसबी रीडरमध्ये घालून बघावं, लॅपटॉपच्या कार्ड स्लॉटवरून अनेक मॉडेलं सुरू होत नाहीत.

रिकव्हरी पेनड्राइव्हवरून कीबोर्ड निवडायचं पान आलं, मग 'ट्रबलशूट'मध्ये 'रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह' हा पर्याय दिसला, की पेनड्राइव्ह पूर्ण आहे. हा पर्याय नसेल तर सिस्टिम फाइल्स त्यावर गेलेल्याच नाहीत. दिसल्यावर त्यावर क्लिक मात्र करू नका, ते लॅपटॉप पुसण्याचं काम आहे. मागे येऊन 'टर्न ऑफ'. इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह असेल तर भाषा निवडायचं पान आलं की पुरे, तिथूनच खिडकी बंद करा.

पास झालेल्या पेनड्राइव्हवर लॅपटॉपचं मॉडेल आणि तारीख चिकटवा आणि तो घरीच ठेवा, किल्ल्यांच्या जुडग्यात नाही. हा रिकव्हरी पेनड्राइव्ह त्याच लॅपटॉपसाठी आहे, भावाच्या वेगळ्या मॉडेलवर वापरायचा नाही. वर्षाकाठी एकदा नवा करा, कारण नंतरचे अपडेट त्यात नसतात.

इथे थांबा आणि जाणकाराकडे द्या

- बायोसमध्ये अंतर्गत साठवण दिसतच नाही, किंवा कधी दिसते कधी नाही.
- फाइल डिलीट केली आणि रीस्टार्टनंतर परत आली. ईएमएमसी आयुष्य संपताना केवळ वाचण्यापुरती उरते, तेव्हा असं होतं. लगेच कामाच्या फाइल्स बाहेर काढा, आणखी आज्ञा चालवू नका.
- टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतोय किंवा तळ फुगलाय. ही बॅटरी आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबून बसवू नका.
- पाणी किंवा चहा सांडलाय.
- विंडोज सुरू होत नाही आणि आत एकमेव प्रत असलेले फोटो किंवा हिशेब आहेत. रिकव्हरी चालवली तर ते पुसले जातील. ईएमएमसी बोर्डवर डकवलेली असते, एसएसडीसारखी काढून दुसरीकडे लावता येत नाही, त्यामुळे डेटा काढणं हे साध्या दुकानाचं नाही, डेटा रिकव्हरीवाल्यांचं काम आहे.

बिटलॉकरची की हरवली असेल तर जाणकारही तो डेटा उघडू शकत नाही. 'करून देतो, आगाऊ द्या' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

दुकानात दिल्यावर 'फॉरमॅट मारून देतो, प्रो टाकून देतो' असं हमखास ऐकायला मिळतं. त्यांना सांगा: मूळची होमच बसवा, लायसन्स की फर्मवेअरमध्ये आहे, वेगळा अ‍ॅक्टिव्हेटर नको. ड्रायव्हरचं फोल्डर असलेला पेनड्राइव्ह सोबत द्या. लॅपटॉप परत घेताना दुकानातच सेटिंग्जमधलं 'अ‍ॅक्टिव्हेशन' पान उघडून बघा आणि वायफाय जोडून बघा.